गाऱ्हाण्यातला हात

लोक मे महिन्यात थंड हवेला जातात. मी तोंड लपवायला गेलो. आमच्या तालमीचा संघ हंगामाची शेवटची मॅच पलीकडच्या पेठेकडून हरला आणि पुढचे तीन दिवस पलीकडची पेठ आमच्या दारावरून हलगी वाजवत जात होती. त्यांच्या घरांकडे जायचा रस्ता आमच्या गल्लीतून नाही, हे त्यांनाही चांगलं माहीत होतं. माझं कोल्हापुरात छपाईचं दुकान आहे. त्यांनी विजयाच्या फलकाची ऑर्डर मुद्दाम मलाच दिली. मी फलक छापला, शुद्धलेखन दोनदा तपासलं आणि घरी येऊन बॅग भरली. माझे साडू परशराम रामनगरला असतात. बायको म्हणाली, "जा तिकडंच. तिथं फुटबॉलचं नावसुद्धा कुणी काढणार नाही."

माझ्या बायकोचे अंदाज असेच असतात.

शनिवार, रामनगर

बेळगावहून गोव्याला जाताना जिथे सगळे ट्रकवाले चहाला थांबतात, ते रामनगर. जोयडा तालुका, कर्नाटक राज्य. पाट्या कानडी, भांडणं मराठी, आणि माणूस लाडात आला की कोकणी. आजूबाजूला इतकं रान की गावातल्या माणसाला अंधार पडल्यावर परसाकडे जायचं तरी आधी खाकरून गव्याला सूचना द्यावी लागते.

बसमधून उतरलो तर परशराम आनंदाने माझा हात दाबून म्हणाले, "बरं वेळेला आलासा, पाव्हणं. उद्या शेवटची मॅच हाय."

"कसली?"

"फुटबॉलची की! कॅसलरॉकसंगं."

मी वळून पाहिलं. बस गोव्याच्या दिशेने निघून गेली होती.

या लोकांना फुटबॉल गोव्याकडून मिळाला की रेल्वेकडून, यावर गावात दोन तट आहेत. खेळ मात्र अंगात भिनलेला. भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतात मैदान आखायचं आणि डिसेंबरपासून दर रविवारी आसपासच्या सहा गावांनी एकमेकांशी भांडायचं. जूनमध्ये त्याच मैदानात भात लावतात. आमच्याकडे हंगाम संपला तरी वाद वर्षभर चालू राहतात. इथे गोलपोस्ट उपटून नांगर घालतात, त्यामुळे हरलेल्यांना मनातलं बोलून घ्यायला फार तर तीन आठवडे मिळतात. ते घाईने बोलतात.

परशरामांचं पत्र्यांचं आणि पाइपांचं दुकान आहे. दुकानासमोर यल्लाप्पाचं पंक्चरचं दुकान. संघाच्या चेंडूत हवा भरायचं काम यल्लाप्पाचं, म्हणून संघही आपलाच असं तो धरून चालतो. वय पन्नाशीचं, पोट भक्कम, आणि आयुष्यात एकदाही मैदानाच्या रेषेच्या आत पाऊल नाही. त्याने मला टायरवर बसवून उद्याचा डाव समजावून सांगितला. "आमाला नुसती बरोबरी पुरे हाय, पाव्हणं. बरोबरी केली की ढाल आमची. ते कॅसलरॉकवाले म्हंजे चार घरं नि एक स्टेशन. त्यांच्यासंगं हरायचं म्हटलं तरी जमायचं न्हाई."

मी मान डोलवली. आमच्या तालमीतही आठवड्यापूर्वी हेच बोलणं झालं होतं.

जेवायला तांदळाची भाकरी, कच्च्या फणसाची भाजी आणि एक आंबटतिखट चटणी होती. चटणी मी तीनदा मागून घेतली. चौथ्यांदा घेताना मेहुणी म्हणाली, "दाजी, मुंग्यांची चटणी तुम्हाला एवढी आवडेल असं वाटलं नव्हतं." रानातल्या लाल मुंग्या, घरट्यासकट आणून वाटलेल्या. मी चौथ्यांदाही घेतली, कारण कोल्हापूरची अब्रू एका आठवड्यात दोनदा घालवायची माझी तयारी नव्हती.

रविवार, देवळात आणि कॅसलरॉकला

सकाळी सगळा संघ देवळात जमला. बाहेरगावी जायचं, पेरणी करायची, काहीही मोठं करायचं म्हणजे इथे आधी गाऱ्हाणं घालतात. देवापुढे नारळ ठेवून गावातला जाणता माणूस सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो. तो एकेक वाक्य बोलतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी हात जोडून म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" एकदा म्हटलं की गावाने देवाला शब्द दिला, असा हिशोब.

रामनगरचं गाऱ्हाणं सोमाआज्जा घालतो. ऐंशी केव्हाच ओलांडलेला, काटकुळा, खांद्यावर पंचा. सुप्याचं धरण झालं तेव्हा बुडालेल्या एका गावातून तो इथे आला. त्याच्या गाऱ्हाण्यात आधी इथला देव, मग पाण्याखाली गेलेल्या गावांचे देव, मग तिथले झरे, राखणदार, कुठलासा आंबा, कुठलंसं वळण. सगळ्यांना तो नावाने हाका मारतो. यादी लांब आहे. यल्लाप्पाने मध्ये दोनदा घड्याळ पाहिलं.

शेवटी आज्जा मागण्यावर आला.

"पोरं खेळायला चाललीत, त्यांच्या अंगात बळ दे!"

"व्हय म्हाराजा!"

"हातात यश दे!"

"व्हय म्हाराजा!"

"धडधाकट घराकडं आण!"

"व्हय म्हाराजा!"

आणि आम्ही दोन टेम्पो भरून निघालो.

कॅसलरॉक म्हणजे रानाच्या मधोमध रेल्वेचं स्टेशन आणि स्टेशनाच्या कडेला जमेल तसं वसलेलं गाव. मैदान रुळांपासून हाकेच्या अंतरावर. मैदानाच्या एका कोपऱ्यात वारूळ होतं, ते कुणी काढलं नव्हतं. त्याला वळसा घालून खेळायचं असं दोन्ही संघांनी मान्य केलं. आमच्याकडे पायाखाली दगड आला तरी पंचाकडे लेखी तक्रार जाते.

पहिला अर्धा वेळ काही झालं नाही. रामनगर बरोबरीसाठी खेळत होतं, म्हणजे सगळे आपल्या गोलपुढे उभे राहून एकमेकांवर ओरडत होते. दुसऱ्या अर्ध्यात स्टेशनात गाडी लागली आणि निघताना गार्डने शिट्टी मारली. रामनगरचे खेळाडू थांबले. एकाने तर कमरेवर हात ठेवून पंचाला विचारलं, "काय झालं?" कॅसलरॉकचे थांबले नाहीत. गाडीच्या शिट्टीवर त्यांचा जन्म गेलेला. गार्ड कुठला आणि पंच कुठला हे त्यांना झोपेतही कळतं. ते शांतपणे चेंडू घेऊन गेले आणि गोल करून आले.

मग रामनगरला खेळ आठवला. शेवटच्या दहा मिनिटांत आमच्या बसूने चेंडू गोलमध्ये घातला. सगळे नाचले. यल्लाप्पा माझ्या गळ्यात पडला. पण बसूने तो हाताने घातला होता, आणि इतका उघड की रुळांपलीकडच्या बायकांनाही दिसलं. गोल रद्द झाला. पुढे दोन मिनिटांत आम्हाला पेनल्टी मिळाली. ती मारायलाही बसूच उभा राहिला. कॅसलरॉकचा गोलकीपर विठू, लांब हातांचा, शांत तोंडाचा गडी, डावीकडे झेपावला आणि चेंडू दोन्ही हातांत घट्ट धरून उठला.

हा विठू म्हणजे सोमाआज्जाचा नातू. आज्जाची लेक कॅसलरॉकला दिलेली आहे, तिचा मुलगा.

एक विरुद्ध शून्य. ढाल कॅसलरॉकला.

परतीच्या टेम्पोत माणसं बोलत नव्हती. तिनईघाटाजवळ थांबून मिरची-भजी घेतली, तीही न बोलता खाल्ली. अशी शांतता मला सोसत नाही. एक तर मी स्वतः ताजा हरलेला. दुसऱ्याची हार पाहून जिवाला जरा थंडावा वाटत होता, हे कबूल करतो. म्हणून मी म्हणालो, "चूक पोरांची नाही हो. सकाळी आज्जांनी देवाकडं यश हातात मागितलं. देवानं हातात दिलं. बसूच्या हातात दिलं आणि विठूच्या हातात दिलं. पायाचं कुणी बोललंच नाही, तर देव काय करणार?"

टेम्पो हसला. बसूसुद्धा हसला. गावात शिरेपर्यंत सगळे मोकळे झाले आणि मी स्वतःवर खूश झालो.

यल्लाप्पा मात्र हसला नव्हता. तो विचार करत होता.

सोमवार, रामनगर आणि सुप्याचं पाणी

सकाळी चहाच्या टपरीवर गेलो तर माझा विनोद माझ्या आधी तिथे पोचून चहा पीत बसला होता.

"हात का म्हटला, सांगा! फुटबॉलात हात कुणाचा चालतोय?"

"गोलकीपरचा."

"आनि गोलकीपर कोन?"

"विठू."

"आता बोला."

हरलेल्या माणसाला कारण लागतं, ही गोष्ट मला कुणी शिकवायला नको. आमच्या तालमीत गेल्या आठवड्यात मैदानाचा उतार, पंचाची सासुरवाडी आणि गोलकीपरने सकाळी खाल्लेली मिसळ अशी तीन कारणं मंजूर झाली होती. पण रामनगरकरांनी आम्हाला मागे टाकलं. एक म्हणाला, 'पोरं' असं मोघम मागितलं, कुणाची पोरं ते सांगितलंच नाही. दुसरा म्हणाला, 'हातात यश' म्हणताना आज्जाने कॅसलरॉकच्या दिशेला पाहिलं, मी डोळ्यांनी बघितलं. देवळाचं दार पूर्वेला, त्यामुळे देवापुढे उभ्या राहिलेल्या प्रत्येकाचंच तोंड कॅसलरॉककडे असतं, हे त्याला कुणी सांगितलं नाही. चेंडूत हवा कमी होती असं एकजण पुटपुटला, तेव्हा यल्लाप्पाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने भजी तोंडात कोंबली. गार्डच्या शिट्टीचा विषयच निघाला नाही.

"उद्या देवळात बसूया," यल्लाप्पा म्हणाला. "गाऱ्हाणं आज्जाकडनं काढून घ्यायचं. पुढच्या सालाला मी घालतो."

मी म्हणालो, "अहो, मी गंमत केली होती."

"गंमत न्हाई, पाव्हणं. तुमच्या तोंडानं देवच बोलला," तो म्हणाला आणि माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला. मी तो प्यालो.

दुपारी परशराम पाइप पोचवायला जोयड्याच्या रस्त्याला निघाले. मी बरोबर बसलो. चढावर सोमाआज्जा उभा होता. त्याने हात केला, "मलाबी न्हे रे परशा, पाणी बघून येतो." उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की तो एकदा जाऊन बघतो, असं परशरामांनी मला हळूच सांगितलं.

रस्ता जिथे उंचावर येतो तिथे गाडी थांबवली. खाली सुप्याचं पाणी, निळं आणि गप्प. काठाला तांबड्या मातीच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या आणि चिखलातून जुन्या झाडांचे बुंधे वर आलेले. प्रवासात मी धरणं पुष्कळ पाहिली आहेत. पाहून होतं आणि आपण कणीस खायला वळतो. इथे कणीसवाला नव्हता. आज्जा बोट करून सांगत होता. ते वरच्या अंगाला देऊळ होतं. त्याच्या खालच्या अंगाला झरा, मग तो बुंधा म्हणजे वाटेवरचा आंबा. त्याच्या पुढे वळण. देव उचलून आणला, पण सगळेच देव उचलता येत नाहीत. झऱ्याचा राखणदार कसा उचलणार? मी ओळखलं, हे सगळं मी काल सकाळी ऐकलं होतं. ही गाऱ्हाण्यातली नावं होती, त्याच क्रमाने. खाली चालत जावं तशी ती एकामागून एक येत होती.

"हे कुठं लिहून ठेवलंय का, आज्जा?"

"लिव्हायला मला येत न्हाई. वरसातनं चारदा गाऱ्हाणं घालतो, तवा सगळ्यांस्नी हाक मारतो. हाक मारली म्हंजे ते ऱ्हात्यात." मग म्हणाला, "उद्या काढून घेनार म्हनं माज्याकडनं. हातावरनं कायतरी काढलंय. कोन पयलं बोललं कुनास ठावं. डोकं हाय बोलनाऱ्याला."

परशराम माझ्याकडे बघत होते. मला तिथेच सांगता आलं असतं, की आज्जा, तो मी. मी पाण्याकडे बघत म्हणालो, "छान जागा आहे." इतकी भिकारी गोष्ट मी या अख्ख्या प्रवासात दुसरी केली नाही.

मंगळवार, पुन्हा देवळात

चारच्या सुमाराला देऊळ भरलं. हरलेल्या संघापेक्षा हरलेले प्रेक्षक नेहमी जास्त जमतात, आमच्याकडेही. खेळाडू मागे भिंतीला टेकून मोबाइल बघत होते. बसूला तर या सगळ्याने फार बरं वाटत असावं, कारण दोन दिवसांत त्याला कुणी एक शब्द बोललं नव्हतं.

यल्लाप्पाने नवीन गाऱ्हाणं वहीच्या कागदावर लिहून आणलं होतं. चूक राहू नये म्हणून त्याने काळजी घेतली होती. तो वाचू लागला. "हे देवा, रामनगर गावच्या, कॅसलरॉकच्या न्हवे, अकरा व राखीव चार खेळाडूंच्या उजव्या तसेच डाव्या पायास, गुडघ्यापासून खाली, तसेच डोक्यास, पुढील हंगामात यश द्यावे, मात्र विरोधी गोलकीपरच्या हातास देऊ नये..." वाक्य संपेचना. लोक हात जोडून वाट बघत होते की 'व्हय' कुठे म्हणायचं. कुणीतरी मध्येच म्हटलं, ते चुकीच्या जागी पडलं. बाकीचे अर्धवट म्हणाले. माझ्या दुकानात येणारी लग्नपत्रिकासुद्धा याहून देवाच्या जवळची असते.

कागद घडी घालून यल्लाप्पा जरा मऊ आवाजात म्हणाला, "आज्जा, तुमी शेवटचं एकदा घाला. झाली चूक म्हणून देवाला सांगा. मग आमी बघतो."

आज्जा उठला. नारळ उचलून पुन्हा सरळ ठेवला. त्याने नेहमीसारखी सुरुवात केली. इथला देव, मग पाण्याखालचे, झरा, आंबा, वळण. प्रत्येकाला 'व्हय म्हाराजा' मिळत गेलं आणि थोड्या वेळात देवळाने एक ताल धरला. त्या तालात माणूस काय ऐकतो याकडे त्याचं लक्ष राहत नाही. माझंही राहिलं नाही. मीही हात जोडून म्हणत होतो.

"देवा म्हाराजा, तुझी लेकरं हरून आली!"

"व्हय म्हाराजा!"

"सराव पाचाला ठरला हुता. पाचाला मैदानात गुरं असायची, पोरं न्हवती!"

"व्हय म्हाराजा!"

"गार्डानं शिट्टी मारली, नि आमी उबं ऱ्हायलो!"

"व्हय म्हाराजा!" इथे मागच्या भिंतीला मोबाइल खाली गेले.

"हातानं गोल केला, नि पंच आंधळा म्हनून वरडलो!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्यानं जलमात चेंडूला पाय लावला न्हाई, त्यानं सगळ्यांस्नी पाय कसा लावायचा ते शिकीवलं!"

"व्हय म्हाराजा!" हे सगळ्यांत खणखणीत आलं. यल्लाप्पाही म्हणाला, म्हणून झाल्यावर त्याचं तोंड उघडंच राहिलं. बायकांच्या बाजूला कुणीतरी खुदकन हसलं. मला तर हसू दाबता दाबता डोळ्यांत पाणी आलं. आज्जा जिंकला, असं मला वाटलं. आता याच्याकडून गाऱ्हाणं काढून घ्यायची कुणाची छाती होणार नाही, आणि माझी चूक माझ्या कबुलीशिवायच निस्तरली.

आज्जाचा आवाज उतरला.

"विठू माझ्या लेकीचा. त्यानं चेंडू धरला तवा माज्या जिवाला बरं वाटलं. तुला खोटं कशाला सांगू?"

"व्हय म्हाराजा." हळू, पण सगळ्यांचं.

"पर मागितलं ते रामनगरासाठीच. हातात यश दे, हे माज्या बापानं मागितलं, आज्ज्यानं मागितलं. तवा हातात कोयता हुता, नांगर हुता. चेंडू न्हवता. मी शब्द बदलला न्हाई."

"व्हय म्हाराजा." माझ्या शेजारी परशरामांनी नाक ओढलं.

"शब्द आता जुनं झालं, तोंडबी जुनं झालं!"

"व्हय म्हाराजा!"

"आजपासनं ह्या तोंडानं गाऱ्हाणं घालनार न्हाई!"

"व्हय म्हाराजा!"

म्हणून झालं, आणि मग काय म्हटलं ते कळलं. यल्लाप्पा पुढे आला. "आज्जा, तसं न्हवं... आमाला तसं म्हनायचं न्हवतं."

"देवाम्होरं म्हनलासा रं," आज्जा म्हणाला. रागाने नाही, एखाद्याला रस्ता सांगावा तसं. त्याने नारळ यल्लाप्पाच्या हातात दिला आणि पंचा झटकून पायऱ्या उतरला. परशराम धावत त्याच्यामागे गेले. आत यल्लाप्पा नारळ धरून उभा होता आणि कुणीतरी त्याला विचारत होतं, "ते आंब्याच्या आधी काय म्हनत हुतं आज्जा? झरा का वळण?" एकजण वळण म्हणाला, एकजण झरा. मला येत होतं, कारण मी काल ते उंचावरून पाहिलं होतं. पण सांगायला तोंड उघडवेना.

मी बुधवारच्या पहिल्या बसने निघालो. परशराम सोडायला आले होते. बस लागल्यावर ते एवढंच म्हणाले, "पाव्हणं, शेवटच्या 'व्हय'ला तुमचा आवाज सगळ्यात मोठा हुता."

होता. मलाही ऐकू आला होता.